लग्नाआधी सगळे दात काढणाऱ्या मुली : ब्रिटनच्या कवळीचा इतिहास

१/
टी. एस. एलियट यांची ‘द वेस्ट लँड’ ही कविता १९२२ साली प्रसिद्ध झाली. तिच्या दुसऱ्या भागात लंडनच्या एका पबमध्ये बसलेली बाई लिल नावाच्या मैत्रिणीची हकीकत सांगते. लिलचे वय ३१, मुले पाच. नवरा अल्बर्ट चार वर्षांची लष्करी नोकरी संपवून घरी परतणार आहे. जाताना त्याने लिलला पैसे दिले होते : सगळे दात काढून टाक आणि चांगलीशी कवळी बसवून घे. लिलने ते केलेले नाही. आता तो पैशांचा हिशेब मागेल, असे मैत्रीण तिला बजावते.

२/
आजच्या वाचकाला हा प्रसंग चमत्कारिक वाटतो. एकतिशीतल्या स्त्रीने तोंडातले सगळे दात काढून टाकायचे, तेही नवऱ्याच्या आग्रहाखातर? तत्कालीन ब्रिटिश वाचकाला मात्र त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. शेजारीपाजारी हे घडतच होते. कोणत्या वयात, कोणाचे आणि का दात काढले जात होते, याचा हा धागा.

३/
प्रथम आकडे पाहू. १९६८ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढांच्या दातांचे पहिले राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. १६ वर्षांवरील ३७ टक्के लोकांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नव्हता. जगातल्या संपन्न देशांपैकी एक, वीस वर्षांपासून सरकारी आरोग्यसेवा चालू, आणि तरी दर आठ प्रौढांमागे तिघे पूर्णतः दंतहीन.

४/
वयानुसार चित्र आणखी ठळक होते. ३५ ते ४४ या वयोगटात साधारण पाचांत एक दंतहीन, तर ६५ ते ७४ या वयोगटात पाचांत चार. शिवाय स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते. स्त्रिया जास्त जगतात, म्हणून वृद्धांत त्यांची संख्या जास्त, हे त्याचे एक कारण. पण ते पुरेसे नाही; समान वयाचे स्त्री-पुरुष शेजारी ठेवले तरी दात गमावण्यात स्त्रियाच पुढे होत्या.

५/
अशा तक्त्याकडे पाहून दोन उत्तरे सहज सुचतात. पहिले, म्हातारपणी दात जाणारच. दुसरे, बाळंतपणात दात जातात. इंग्रजीत ‘प्रत्येक मुलामागे एक दात’ अशी म्हणही आहे. दोन्ही उत्तरे शरीराकडे बोट दाखवतात. वरचे आकडे मात्र शरीराइतकेच पैसा, कायदा, औषधशास्त्र आणि लग्नसंस्था यांनीही घडवले होते. दात आपोआप पडणे वेगळे आणि ते काढायचे असे कोणीतरी ठरवणे वेगळे.

६/
कीड होतीच, हे आधी मान्य केले पाहिजे. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरील आयात कर पूर्णपणे उठवला. वसाहतींतली आणि युरोपातली स्वस्त साखर गरिबाच्या चहात, जॅममध्ये आणि बिस्किटात पोहोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी साखरेचा वार्षिक वापर दरडोई सुमारे ४० किलोवर गेला होता. पाव, जॅम आणि गोड चहा हे कामगार कुटुंबाचे नित्याचे जेवण झाले. त्यात घरातल्या बाईचा वाटा बहुधा पाव आणि चहा एवढाच. मांसाचा तुकडा कमावत्या पुरुषाच्या ताटात जाई.

७/
पण किडलेला दात काढलाच पाहिजे असे नाही. तो भरताही येतो. मग भरण्याऐवजी काढणेच का रूढ झाले? याचे एक उत्तर भुलेच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे डिसेंबर १८४४ मध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. लंडनमध्ये या वायूचा वापर १८६८ पासून रुळला.

८/
या वायूची भूल जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट टिके. तेवढ्या वेळात सराईत हात अनेक दात काढू शकत असे, पण भरू एकही शकत नसे. भरण्यासाठी पायाने चालवायच्या यंत्राने दात कोरावा लागे आणि ते पूर्ण शुद्धीत सोसावे लागे. म्हणजे काढणे वेदनारहित आणि क्षणात होणारे, तर वाचवणे वेदनादायक आणि लांबणारे. रुग्णाने कोणता मार्ग निवडला असेल, हे सांगायला नको.

९/
दुसरे उत्तर व्हल्कनाइट या कडक रबरात आहे. पूर्वी कवळी हस्तिदंताची किंवा सोन्याची असे आणि ती श्रीमंतांनाच परवडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हल्कनाइटचा पाया आणि चिनी मातीचे दात अशी कवळी तयार होऊ लागली. ती साच्यातून तोंडाच्या मापाची बनवता येई आणि किंमतही आवाक्यात असे. दात काढल्यावर पुढे काय, या प्रश्नाला प्रथमच कामगाराला परवडणारे उत्तर मिळाले.

१०/
तिसरी गोष्ट कायद्याची. १८७८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणीपुस्तक सुरू केले आणि ‘दंतवैद्य’ ही पदवी नोंदणीकृतांपुरती राखली. धंदा करायला मात्र कोणालाही मोकळीक राहिली. औषधविक्रेते, फिरते कारागीर, बाजारात तंबू ठोकणारे, सगळेच दात काढत. दात भरायला शिक्षण लागते. काढायला चिमटा आणि मनगट पुरते. ही मोकळीक १९२१ च्या कायद्याने संपवली, पण जे आधीपासून धंद्यात होते त्यांपैकी अनेकांना नोंदणीत सामावून घ्यावे लागले.

११/
इथवर काढणे हा गरिबाचा नाइलाज होता. १९१० नंतर त्याला विज्ञानाचा आधार मिळाला. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी त्या वर्षी कॅनडातील माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात भाषण केले. सडक्या मुळांवर सोन्याची टोपणे आणि पूल बसवणारे दंतवैद्य रुग्णाच्या देहात विषाचा साठा कोंडून ठेवतात, असा त्यांचा आरोप होता. तोंडातला हा साठा रक्तावाटे पसरतो आणि संधिवातापासून पंडुरोगापर्यंत अनेक व्याधी निर्माण करतो, असे ते सांगत.

१२/
हा विचार पुढे ‘केंद्रीय संसर्गा’चा सिद्धांत म्हणून गाजला. त्याचे टोक अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात दिसले. तेथील अधीक्षक हेन्री कॉटन यांनी वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे हजारो दात काढले आणि पुढे आतड्यांवरही शस्त्रक्रिया केल्या. त्यांची श्रद्धा इतकी ठाम होती की स्वतःच्या मुलांचेही दात त्यांनी काढवले. १९४० च्या सुमारास वैद्यकाने या सिद्धांताकडे पाठ फिरवली, पण तोवर एक पिढी ‘दात म्हणजे रोगाचे घर’ हे ऐकत मोठी झाली होती.

१३/
याचा परिणाम दुहेरी झाला. सधन माणूसही आता निरोगी दात काढायला तयार होऊ लागला. लेखक रोआल्ड डाल यांनी तरुणपणीच आपले सगळे दात काढून कवळी लावली होती. आणि गरीब माणसाला जे परिस्थितीमुळे करावे लागत होते, त्याला आरोग्याचे पाऊल म्हणून प्रतिष्ठा आली. थकवा, डोकेदुखी, सांधेदुखी अशी अंगावर काढलेली दुखणी घेऊन येणाऱ्या स्त्रीला दात काढण्याचा सल्ला सहज दिला जाई.

१४/
आता स्त्री-पुरुष भेदाकडे येऊ. बोअर युद्धात (१८९९–१९०२) असंख्य ब्रिटिश सैनिकांना लष्करी बिस्किट चावता येईना, तेव्हा पुरुषांच्या दातांची सरकारला प्रथम चिंता वाटली. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर मोठ्या प्रमाणात दंतोपचार झाले आणि १९२१ मध्ये लष्कराचे स्वतंत्र दंतपथक उभे राहिले. अल्बर्टसारख्याच्या दातांकडे राष्ट्राचे लक्ष गेले, कारण ते दात राष्ट्राच्या उपयोगाचे होते. लिलच्या दातांकडे पाहणारे कोणी नव्हते.

१५/
नागरी जीवनातही तेच. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने नोकरी करणाऱ्या कामगाराला डॉक्टरची सोय मिळाली. पुढे १९२० च्या दशकात काही विमा मंडळे शिलकी रकमेतून दंतोपचारालाही मदत देऊ लागली. परंतु हे सारे विमाधारकापुरते. त्याची बायको घरकाम करीत असेल, तर प्रसूतीचा भत्ता सोडता तिच्या वाट्याला काही येत नसे. तिचा दात दुखला तर खर्च घरखर्चाच्या पैशांतून, म्हणजे मुलांच्या तोंडच्या घासातून.

१६/
मार्जरी स्प्रिंग राइस यांचे कामगारवर्गीय बायकांच्या प्रकृतीवरील पुस्तक १९३९ मध्ये आले. १,२५० विवाहित स्त्रियांनी दिलेल्या माहितीवर ते आधारलेले होते. त्यात पंडुरोग, डोकेदुखी, बद्धकोष्ठ यांच्या बरोबरीने किडलेले दात पुन्हा पुन्हा येतात. ही दुखणी घेऊन बायका वर्षानुवर्षे राबत होत्या. डॉक्टरकडे जाणे म्हणजे पैसा आणि दिवस दोन्ही मोडणे, हे त्यामागचे साधे गणित.

१७/
या गणितातूनच लग्नाआधी दात काढण्याची रीत समजते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या माणसांच्या आठवणींत ती वारंवार येते. एकविसाव्या वाढदिवसाची किंवा लग्नाची भेट म्हणून मुलीचे सगळे दात काढून तिला कवळी करून दिली जाई. पुढे दातांवर होणारा खर्च नवऱ्याच्या माथी पडू नये, हा हेतू. आईबाप हे क्रूरपणाने करीत नव्हते. कमावत्या हातांच्या घरातून खर्चाचे एक कलम कायमचे बंद करून मुलगी पाठवणे, ही त्यांच्या लेखी जबाबदारी होती.

१८/
त्याची किंमत मात्र मुलीच्या शरीराने मोजली. दात काढल्यावर हिरड्या भरून जबडा स्थिरावायला काही महिने लागत. तोवर मऊ अन्नावर दिवस काढायचे. दात नसलेल्या जबड्याचे हाड नंतरही झिजत राहते, विशेषतः खालचे. विशीत चपखल बसलेली कवळी चाळिशीत सैल होई, टोचे, बोलताना हले. ‘कायमचा उपाय’ म्हणून घेतलेली वस्तू आयुष्यभर पुन्हा पुन्हा बनवावी लागे.

१९/
दात नसणे हे लोकांनी किती सहज स्वीकारले होते, याची साक्ष जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘द रोड टू विगन पिअर’ (१९३७) या पुस्तकात आहे. उत्तर इंग्लंडमधल्या ज्या एका घरात ते राहिले, तेथील पाच जणांत सर्वांत थोरला माणूस ४३ वर्षांचा होता आणि धाकटा मुलगा १५ वर्षांचा. स्वतःचे दात होते ते फक्त त्या मुलाला, आणि तेही फार काळ टिकतील असे दिसत नव्हते. शक्य तितक्या लवकर दात काढून मोकळे व्हावे, असे लोक ऑर्वेलना सांगत.

२०/
५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि दंतोपचार, कवळीसकट, मोफत झाले. दंतवैद्यांच्या दारात रांगा लागल्या. सरकारचा अंदाज पार कोसळला. या रांगांत वर्षानुवर्षे दुखणे दाबून ठेवलेल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. विम्याने ज्यांना कधीच विचारले नव्हते, त्यांना प्रथमच हक्काने खुर्चीत बसता आले. मात्र अनेकींचे दात वाचवण्यापलीकडे गेले होते. दात होते तेव्हा चणे नव्हते. चणे आले तेव्हा दात उरले नव्हते.

२१/
सेवेच्या रचनेनेही काढण्याला हातभार लावला. दंतवैद्याला प्रत्येक कामामागे ठरावीक मोबदला मिळे, दारात गर्दी अफाट, आणि सरकारी शाळांच्या दंतसेवेतले वैद्य चांगल्या उत्पन्नासाठी इकडे वळलेले. शाळेच्या वयात भरता आले असते असे दात तसेच राहिले आणि तरुणपणी काढण्याच्या यादीत गेले.

२२/
कवळीने राजकारणही हलवले. एप्रिल १९५१ मध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कोरियन युद्धाच्या काळातील लष्करी खर्च भागवण्यासाठी कवळी आणि चष्मा यांवर शुल्क लावले. मोफत सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी त्याच महिन्यात मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्यासोबत पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. १९५२ मध्ये इतर दंतोपचारांवरही शुल्क आले. त्यातून मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना सूट देण्यात आली. चाळीस वर्षांपूर्वीच्या विम्याने जिला वगळले होते, तिचे नाव कायद्यात असे उशिरा आले.

२३/
आता १९६८ च्या तक्त्याकडे परत जाऊ. ६५ ते ७४ वयाचे पाचांत चार दंतहीन, हे वयामुळे झाले का? याची परीक्षा सोपी आहे. त्याच वयोगटाकडे पुढच्या सर्वेक्षणात पाहायचे. २००९ मध्ये इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये ६५ ते ७४ वयाच्या लोकांत दंतहीनांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते, आणि सर्व प्रौढांत ६ टक्के. मानवी म्हातारपण चाळीस वर्षांत बदलत नाही. बदलली ती पिढी.

२४/
१९६८ मधले वृद्ध हे साखर स्वस्त झाल्यानंतर आणि दात वाचवण्याची साधने येण्यापूर्वी जन्मलेले लोक होते. त्यांचे दात बहुतांशी तरुणपणी किंवा मध्यम वयात काढले गेले होते. म्हातारपणी फक्त त्यांची मोजणी झाली. नंतरच्या पिढीला टोचून देता येणारी खात्रीची भूल मिळाली, १९५० च्या दशकाअखेर वेगवान ड्रिल आले आणि १९७० च्या दशकात फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघरी पोहोचली. भरणे सुसह्य झाले आणि काढणे हा शेवटचा उपाय ठरला.

२५/
प्रदेशही हेच सांगतो. १९७८ च्या सर्वेक्षणात इंग्लंडमध्ये २८ टक्के प्रौढ दंतहीन होते, तर स्कॉटलंडमध्ये ३९ टक्के. एकाच बेटावर, एकाच आरोग्यसेवेत एवढा फरक पडतो, तो केवळ हिरड्यांच्या प्रकृतीमुळे नव्हे. लोक दंतवैद्याकडून काय अपेक्षा ठेवतात आणि दंतवैद्य त्यांना काय सुचवतो, यांत तो फरक दडलेला असतो.

२६/
मग ‘प्रत्येक मुलामागे एक दात’ ही म्हण खोटी का? गर्भ आईच्या दातांतला कॅल्शियम ओढून घेतो, ही समजूत चुकीची आहे. तरीही म्हणीला आधार आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात पहिली दोन मुले एकाच लिंगाची असलेल्या कुटुंबांचा उपयोग केला गेला. अशी जोडपी तिसरे मूल होऊ देण्याची शक्यता अधिक असते. त्या तिसऱ्या मुलामागे आईचे सरासरी सुमारे चार दात कमी आढळले. वडिलांच्या दातांवर तसा परिणाम दिसला नाही.

२७/
कारणे अनेक असू शकतात : गरोदरपणी हिरड्या सुजणे, वारंवार खाणे, ओकाऱ्या, आणि तिसऱ्या मुलानंतर आईला स्वतःसाठी वेळ व पैसा न उरणे. लिलला पाच मुले होती. तिच्या किडलेल्या दातांत किती वाटा गर्भारपणाचा आणि किती वाटा चहा-पावावर काढलेल्या दिवसांचा, हे वेगळे करता येत नाही. तिच्या आयुष्यात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

२८/
लिल हे काल्पनिक पात्र. पण पहिल्या महायुद्धानंतर ३१ वर्षांची असलेली खरीखुरी स्त्री १९६८ मध्ये ऐंशीच्या आसपास असती आणि सर्वेक्षकाने तिच्याही दारावर थाप मारली असती. त्या वयोगटात दहांपैकी जवळपास नऊ जण दंतहीन होते. सर्वेक्षकाच्या कागदावर तिच्या नावापुढे वय, लिंग आणि शून्य दात एवढेच उमटले असते. अल्बर्टने दिलेले पैसे, विम्यातून वगळलेले नाव आणि अर्ध्या मिनिटाची भूल यांसाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

(धागा समाप्त)